दोनच्या नोंदीचा रिकामा चौकोन

आदरणीय मॅडम,

मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे, दोन वर्षं झाली. चार दिवसांपूर्वी नाइटला आम्ही दोघीच होतो आणि पेशंट 34. रात्री 1.40 ला बेड 3 च्या पेशंटचा श्वास थांबला. सीपीआर, डॉक्टरांची धावपळ, मग आयसीयूत हलवणं, यात साडेतीन वाजले. त्यानंतर राहिलेली इंजेक्शनं. माझ्याकडच्या अकरा पेशंटचा रात्री दोनचा टीपीआर-बीपीचा (ताप, नाडी, श्वास आणि बीपी मोजण्याचा) राउंड राहूनच गेला. साडेपाचला सीनियर सिस्टर म्हणाल्या, "दहाचे आकडे बघ आणि भरून टाक. चार्ट रिकामा दिसायला नको, सगळेच करतात." मी दोन-चार आकडे इकडेतिकडे करून अकराही चार्ट भरले आणि सह्या केल्या.

सहाच्या राउंडला बेड 14 च्या बाईंचं बीपी 84/50 लागलं. अंग भाजत होतं, बोलणं असंबद्ध. किडनीच्या इन्फेक्शनसाठी आदल्याच दिवशी ॲडमिट झाल्या होत्या, रात्री दहाला ताप 101 होता. त्यांना आयसीयूत नेलं. डॉक्टर चार्ट बघून म्हणाले, "दोनला 118/76 होतं, म्हणजे हे अचानक झालंय." मी शेजारीच उभी होते, तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांच्या मुलीने विचारलं, "रात्री आई ठीक होती ना?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. आता त्या शुद्धीवर आहेत, पण अजून आयसीयूतच आहेत. मला झोप लागत नाही. हा गुन्हा आहे का? माझं रजिस्ट्रेशन जाईल का? चार्ट गुपचूप दुरुस्त करू का? सीनियर सिस्टरांचं नाव घेऊ का? माझा हात त्यांनीच इंजेक्शनवर बसवलाय.

– एक स्टाफ नर्स

प्रिय सिस्टर,

वॉर्डात ज्युनिअरना मी 'तू'च म्हणत आले, इथेही तसंच लिहिते.

तू मला चार प्रश्न विचारलेस आणि चारही तुझ्याबद्दलचे आहेत. घाबरलेल्या माणसाचं तसंच होतं, त्यात चूक काही नाही. पण एक प्रश्न तू विचारला नाहीस आणि माझ्या मते तो आधी येतो: आयसीयूतले डॉक्टर आजही त्या 118/76 वर विश्वास ठेवून चाललेत का?

बघ, बीपी अचानक पडलं असं वाटलं की डॉक्टर एका दिशेने विचार करतात. फुफ्फुसात गुठळी अडकली का, हार्टला काही झालं का, एखाद्या औषधाची रिअॅक्शन आली का. त्यासाठी तपासण्या होतात, औषधं सुरू किंवा बंद होतात. आणि इन्फेक्शन रक्तात पसरून बीपी रात्रभर हळूहळू उतरत गेलं असेल, तर हिशेब वेगळा असतो. किती तास अवयवांना रक्त कमी पडलं, किडनीवर किती ताण आला, पुढे कशावर डोळा ठेवायचा, हे सगळं त्या वेळेवरून ठरतं. अशा इन्फेक्शनने बीपी कोसळतं, म्हणजे सेप्टिक शॉकमध्ये, अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं म्हणतात, ते उगाच नाही. तिथे घड्याळ हाही उपचाराचाच भाग असतो, आणि ते घड्याळ तुझ्या आकड्याने चार तास पुढे सरकलंय.

म्हणून आधी काय करायचं ते सांगते, कायद्याचं नंतर. आजच, पुढच्या ड्यूटीची वाट न बघता, इन्चार्ज सिस्टरांना गाठ. फोनवर नको, समोर बस. पहिलंच वाक्य असं असू दे: "बेड 14 ची रात्री दोनची नोंद मी प्रत्यक्ष न घेता लिहिली आहे, आणि आयसीयूच्या डॉक्टरांना हे आत्ता कळायला हवं." बेड 3 चं काय झालं, किती पेशंट होते, कोण काय म्हणालं, हे सगळं त्यानंतर. आधी कारणं सांगायला लागलीस तर मूळ गोष्ट त्यात बुडून जाते, आणि ऐकणारीलाही ती बुडवायचा मोह होतो. बाकीच्या दहा चार्टचंही त्याच बैठकीत सांग. त्या दहाजणी बऱ्या आहेत म्हणून ते आकडे खरे होत नाहीत.

हे मी इतक्या ठामपणे का लिहिते? माझं पहिलं वर्ष होतं. रात्री आठच्या गोळ्या वाटताना मी आधी सगळ्या सह्या करून घ्यायची आणि मग ट्रे घेऊन फिरायची. वेळ वाचतो असं वाटायचं. फिट्स येणारा एक पेशंट गाढ झोपला होता, म्हणून त्याची गोळी प्लॅस्टिकच्या छोट्या कपात घालून लॉकरवर ठेवली. उठला की देऊ म्हटलं आणि विसरले. पहाटे पाचला त्याला मोठी फिट आली. डॉक्टरांनी चार्ट पाहिला. आठच्या डोसपुढे माझी सही होती. म्हणजे गोळी घेऊनही फिट आली, तर डोस पुरत नाही, असं समजून त्यांनी ते फिट्सचं औषध, फेनिटोइन, वाढवलं. माझं लक्ष लॉकरकडे होतं. तो कप तिथेच होता, आत गोळी, कडेला पाण्याचा ओघळ सुकलेला. मी तो कप उचलून खिशात टाकला.

फेनिटोइन हे फार अरुंद वाटेवरचं औषध आहे. डोस थोडाच वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं, मग पेशंट झोकांड्या खातो, बुबुळं थरथरतात. पुढचा डोस सकाळी दहाला होता. दहा वाजायला पंधरा मिनिटं असताना मी इन्चार्जच्या टेबलावर तो कप ठेवला. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. आधी उठून डॉक्टरांना फोन लावला, ऑर्डर बदलून घेतली आणि मग म्हणाल्या, "आता बस आणि लिही." मला मेमो मिळाला, पुढचे तीन महिने माझ्या प्रत्येक औषधाच्या सहीवर दुसरीची सही लागली. पण गोळी विसरण्याचं ओझं मी कधीच उतरवलं. तो कप खिशात घालून साडेचार तास वॉर्डात हिंडले, ते आजही उतरलेलं नाही. तू शेजारी उभी होतीस आणि बोलली नाहीस, हे तू लिहिलंस ना, त्या ओळीपाशी मी थांबले.

आता तुझा पहिला प्रश्न. तुझ्या त्या रात्रीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्यांची मोट बांधलीस. एक, राउंड चुकला. दोन, न घेतलेली नोंद लिहिली. कलमं देशागणिक वेगवेगळी असतात, पण निष्काळजीपणा ठरवताना न्यायालयं साधारण चार गोष्टी बघतात: काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, त्यात कसूर झाली का, पेशंटला इजा झाली का, आणि ती इजा त्या कसुरीमुळेच झाली का. कसूर झाली का हे बघताना मोजमाप असतं ते त्या कामातल्या साधारण कुशल माणसाचं. इंग्लंडमध्ये 1957 च्या बोलम खटल्यापासून ही कसोटी प्रसिद्ध आहे. त्या जागी दुसरी एखादी जबाबदार नर्स असती तर तिने काय केलं असतं? श्वास थांबलेला पेशंट सोडून ती बीपी मोजायला गेली नसती, हे कोणीही मान्य करेल. चुकलेल्या राउंडचं कारण तू कुठेही मान वर करून सांगू शकतेस.

मात्र तिथेही सगळं सोडून देता येणार नाही, सिस्टर. 1.40 ला सुपरवायझरला फोन करून आणखी दोन हात मागवायला हवे होते, आणि तो फोन कोणी किती वाजता केला हे लिहायला हवं होतं. साडेतीनला मोकळी झालीस तेव्हा अकराचे अकरा राउंड शक्य नव्हते, पण अकरांत निवड करता आली असती. दहाला 101 ताप असलेली, इन्फेक्शनची, नवीन ॲडमिट झालेली पेशंट त्या यादीत पहिली. पावणेचारला बीपी घेऊन चार्टवर '3.45' लिहिलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. उशिरा घेतलेली नोंद खऱ्या वेळेसह लिहिली की ती पूर्ण वैध असते. त्या पावणेचारच्या बीपीने काही वेगळं घडलं असतं का, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ते ठरवणं तुझ्या झोपेच्या वेळेचं कामही नाही.

दुसरी गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. खोटी नोंद ही चूक मानली जात नाही, ती जाणूनबुजून केलेली कृती मानली जाते. बहुतेक ठिकाणी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग असतो आणि काही परिस्थितीत गुन्हाही. शिवाय ती टिकत नाही. बेड 3 च्या सीपीआरच्या नोंदीत 1.40 ते 3.20 तुझं नाव असणार: कोणी छाती दाबली, कोणी ॲड्रेनलिन भरलं. आणि बेड 14 च्या चार्टवर दोन वाजता तुझीच सही. एक माणूस एकाच वेळी दोन बेडशी उभा राहू शकत नाही, हे कळायला वकील लागत नाही. अकरा जणींचे श्वास एकजात 18 किंवा 20 लिहिलेले असतात, ते तर जाणती नर्स लांबूनच ओळखते. श्वास मोजायला पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं, म्हणून तोच आकडा सगळ्यात जास्त वेळा 'लिहिला' जातो. आणि पेशंट ढासळायला लागला की बहुधा तोच आधी बदलतो. ब्रिटनमध्ये 2012 पासून वापरात असलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या एनईडब्ल्यूएस (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या गुणपद्धतीत श्वासांची गती, ऑक्सिजन, तापमान, वरचं बीपी, नाडी आणि शुद्ध यांना, जितकं बिघडलेलं तितके जास्त, असे गुण देतात, आणि एकूण 5 झाले की तातडीने डॉक्टर बोलवायचे. ती सगळी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: आकडा कोणीतरी प्रत्यक्ष घेतलाय.

गुपचूप दुरुस्त करू का, असं विचारतेस. अजिबात नको. व्हाइटनर नाही, वर गिरवणं नाही, पान बदलणं तर स्वप्नातही नाही. घटनेनंतर कोणालाही न सांगता चार्टला हात लावलास की त्याला पुरावा बदलणं म्हणतात, मग तू खरं लिहीत असलीस तरी. आधी इन्चार्जना सांगायचं, मग त्यांच्या समोर, संस्थेच्या नियमाप्रमाणे. साधारण रीत सगळीकडे सारखीच: मूळ नोंद वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, 'चुकीची नोंद' असं शब्दांत, आजची तारीख, आत्ताची वेळ, सही. मग उशिराची नोंद म्हणून खाली: 'अमुक तारखेला रात्री 2 वाजता बेड 3 ची इमर्जन्सी चालू असल्याने या पेशंटचे टीपीआर-बीपी घेतले गेले नाही. आधी लिहिलेले आकडे प्रत्यक्ष मोजलेले नव्हते.' एवढंच. माफी, खुलासा, दुसऱ्या कोणाचं नाव चार्टमध्ये येत नाही. केस पेपर चौकशीसाठी आधीच ताब्यात घेतले असतील तर त्यांना शिवूही नकोस, वेगळा लेखी जबाब दे. कॉम्प्युटरवर नोंदी असतील तर मूळ वेळ मशीनमध्ये राहतेच, तिथेही दुरुस्तीची ठरलेली वाट वापर. आणि स्वतःच्या बचावासाठी म्हणून चार्टचा फोटो मोबाईलमध्ये काढू नकोस. ती पेशंटची खाजगी माहिती आहे, एका चुकीतून बाहेर पडताना दुसरी करशील. तुला त्या रात्रीचं जे आठवतं ते मात्र घरी, पेशंटचं नाव न घालता, वेळेनुसार लिहून ठेव.

लेखी जबाब देण्याआधी तुमच्या नर्सेस संघटनेशी किंवा, कामातल्या चुकांसाठीचा विमा काढला असशील तर, विमा कंपनीच्या सल्लागाराशी बोल. हा तुझा हक्क आहे, पळवाट नाही. पण डॉक्टरांना खरी वेळ कळवणं त्यासाठी थांबवू नकोस, ते आजच व्हायला हवं.

सीनियर सिस्टरांचं. सही तुझी आहे. 'सांगितलं म्हणून केलं' हे उत्तर आपल्या व्यवसायाने कधीच मागे टाकलंय. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची पहिली नीतिसंहिता 1953 ची. त्यात डॉक्टरांच्या ऑर्डर निष्ठेने पाळणं हे नर्सचं कर्तव्य म्हणून लिहिलं होतं. 1973 मध्ये ते बदललं: नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांशी. तेव्हापासून प्रत्येक सुधारणेत, अगदी 2021 च्या संहितेतही, आपल्या कामाला नर्स स्वतः उत्तरदायी आहे हे कायम आहे. डॉक्टरांच्या ऑर्डरला जे लागू, ते सीनियरच्या सल्ल्यालाही लागू. म्हणून तुझ्या जबाबात सुरुवात 'मी लिहिलं' अशी कर. चौकशीत विचारलं की असं का केलंस, तर त्या काय म्हणाल्या तेही जसंच्या तसं सांग, वाढवून नाही आणि गाळूनही नाही. त्यांना वाचवायला खोटं बोललीस तर आता बाराव्यांदा खोटी नोंद करशील. मात्र इन्चार्जकडे जाण्याआधी त्यांना एवढं सांग: "सिस्टर, मी आज जाऊन सांगणार आहे." ज्यांनी हातात सिरिंज धरायला शिकवलं त्यांना ही गोष्ट तिसऱ्याकडून कळू नये. त्या अडवतील कदाचित, पण परवानगी मागायला तू गेलेली नसशील.

आणि त्यांच्या त्या वाक्याबद्दल मला खरोखर चीड आहे: 'चार्ट रिकामा दिसायला नको.' का नको? 34 पेशंटना दोन नर्स होत्या आणि एक इमर्जन्सी आली की बाकीच्यांकडे बघायला कोणी उरत नाही, हे त्या वॉर्डातलं सत्य आहे. ते सत्य सांगणारा एकच कागद होता, त्या अकरा रिकाम्या चौकोनांचा. तुम्ही तो भरून टाकलात. आता तो चार्ट व्यवस्थापनाला सांगतो की दोघींमध्ये सगळं वेळेवर झालं, तिसरी कशाला हवी? 2002 मध्ये लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या रुग्णालयांचा अभ्यास छापला. सर्जरीच्या पेशंटमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. असा अभ्यास करायलाही कोणीतरी खरे आकडे लिहावे लागतात. वर्षानुवर्षं आम्ही नर्सेसनी आमचीच मनुष्यबळाची मागणी पहाटे साडेपाचला निळ्या पेनाने खोडून टाकली. यापुढे राउंड राहिला तर चौकोनात कारण लिही: 'घेतले नाही, बेड अमुकची इमर्जन्सी, सुपरवायझरना कळवले, वेळ.' आणि त्या रात्रीच्या इन्सिडेंट रिपोर्टमध्ये पेशंट आणि स्टाफची संख्या पहिल्या ओळीत येऊ दे.

रजिस्ट्रेशनचं विचारलंस. सगळं सांगितलं की काहीच होणार नाही, असं वचन मी तुला देणार नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका नर्सला चुकीचं औषध दिल्याबद्दल फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं, पेशंटचा मृत्यू झाला होता. त्या नर्सने चूक लगेच कबूल केली होती, तरीही. तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं, लायसन्स आधीच गेलं होतं. त्या निकालाने जगभरच्या नर्सेस हादरल्या, कारण कबुली देणाऱ्याला अशी शिक्षा झाली तर पुढची गप्प बसेल, ही भीती रास्त आहे. मला तो निकाल पटलेला नाही. तुझ्या बाबतीत मेमो, चौकशी, काही काळ देखरेखीखाली काम, कदाचित नर्सिंग कौन्सिलपुढे जाणं, यांतलं काहीही होऊ शकतं. पण चौकशी करणारा नेहमी एक गोष्ट बघतो: हे आम्हाला सापडलं, की हिने येऊन सांगितलं? चार दिवस झालेत. हे उत्तर अजून तुझ्या हातात आहे, पण किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

आता त्या मुलीचं. घरच्यांना काय घडलं ते सांगणं हे डॉक्टर आणि इन्चार्ज यांचं काम, आणि ते त्यांनीच करावं. तू एकटीने कॉरिडॉरमध्ये जाऊन सांगायला लागलीस तर अर्धवट माहितीने त्यांची घालमेल वाढेल. पण ते बोलणं होणार आहे का, कधी होणार आहे, हे विचारत राहा आणि शक्य असेल तर त्या खोलीत हजर राहायची परवानगी माग. तिने प्रश्न तुला विचारला होता. तोपर्यंत ती पुन्हा भेटलीच तर नजर चुकवू नकोस. "तुमच्या आईच्या रात्रीच्या नोंदींबद्दल डॉक्टर तुमच्याशी बसून बोलणार आहेत, मी त्यांना सांगितलंय," एवढं म्हण. आधी डॉक्टरांना खरंच सांगून ये, म्हणजे हे वाक्य खरं असेल.

झोपेबद्दल. चूक घडल्यावर त्या आरोग्य कर्मचाऱ्याचीही जी दशा होते, तिला 2000 साली अल्बर्ट वू या डॉक्टरांनी 'दुसरा बळी' असं नाव दिलं. पहिला बळी पेशंटच असतो, हे विसरायचं नाही, पण दुसरा असतो हेही खरं. डोळ्यांसमोर तोच चार्ट येत राहिला, ड्यूटीवर हात थरथरू लागले, तर स्टाफच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखव. थरथरत्या हाताने इन्सुलिन भरू नकोस, दुसरीला तपासायला सांग. हे कमीपणाचं नाही, पेशंटच्या भल्याचं आहे.

जाताना केस पेपरचा नंबर आणि त्या रात्रीचा ड्यूटी रोस्टर आठवणीने सोबत ने, इन्चार्ज तेच आधी मागतील. आणि बेड 14 च्या बाई आयसीयूतून वॉर्डात आल्या की मला कळव.